सुटायच्या वेळी एक माणूस कमी

“माजा मानूस आल्याबिगर मी लाँचवर पाय ठेवाची नाय,” असं म्हणून ती बाई भाऊच्या धक्क्याच्या पायरीवर फतकल मारून बसली.

मी त्या लाँचचा सारंग. म्हणजे लाँच चालवणारा, सगळी जबाबदारी डोक्यावर असणारा माणूस. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. भाऊचा धक्का ते रेवस ही माझी रोजची ड्यूटी. दुपारची फेरी भरतीच्या पाण्यावर असे. सुकती लागली, म्हणजे पाणी उतरायला लागलं, की रेवसच्या धक्क्याजवळ नुसता चिखल उरायचा. मग लाँच रुतणार आणि प्रवासी अडकणार. त्यामुळे वेळेवर सुटणं भाग होतं.

बाईचं नाव चांगुणा. पेणकडच्या मिठागरावरची, वय पन्नाशीच्या आसपास. धाकट्या मुलीचं लग्न उरकून नवरा-बायको दोन दिवस मुंबई बघायला आली होती. तिची तर जन्मातली पहिलीच खेप. परतताना बसमध्ये ही चढली, कंडक्टरनं घंटी मारली आणि नवरा खालीच राहिला. ही विचारत विचारत धक्क्यावर पोचली. त्याला मात्र वाटलं असणार, बायको मुंबईत हरवली.

“नाव काय त्यांचं?”

तिनं मान फिरवली. नवऱ्याचं नाव घेईना.

“बरं, मुंबईत त्यांच्या ओळखीचं कोण?”

“कोन नाय. आदी मिठाच्या मचव्यावर खलाशी व्हता. त्या बंदरावरची मानसा तवरी वलखतं.”

मचवा म्हणजे शिडाची मालवाहू होडी. मी विचार केला, घाबरलेला माणूस ओळखीच्या माणसांकडेच धावणार. बुकिंग ऑफिसातून मी मिठाच्या बंदरावर फोन लावला.

“पेणकडचा एक म्हातारा आलाय का तिकडे? ओळखायचा कसा तेवढं विचारतो, थांबा.”

चांगुणाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्याच्या हातान माजी छत्री हाय. फुलाफुलांची. कालच घेतली.”

मी ते सांगताच पलीकडचा कारकून ओरडला, “अहो, तोच! बायको हरवली म्हणून सगळं बंदर गोळा केलंय त्यानं!”

पण रस्त्यानं यायला त्याला पाऊण तास लागला असता. तेवढं पाणी माझ्याजवळ नव्हतं. तेवढ्यात कारकून म्हणाला, एक रिकामा मचवा आत्ताच सुटतोय. मी हिशेब केला. मिठाचं बंदर आमच्या उत्तरेला, वाराही उत्तरेकडचा, सुकती नुकतीच लागतेय. आम्हाला नडणारं तेच पाणी मचव्याला आमच्याकडे ढकलणार होतं.

“बसवा त्याला मचव्यात. बाहेरच्या लाल बोयाजवळ मी लाँच हळू करतो.” बोया म्हणजे खाडीत तरंगणारी खुणेची टाकी.

लाँच कंपनीचे एजंटसाहेब शेजारीच उभे होते. “भर पाण्यात पॅसेंजर घ्यायचा नाही, रूल आहे. तुमचं लायसन्स जाईल.”

“रिपोर्टात माझं नाव लिहा, साहेब.”

चांगुणाबाई मात्र उठेना. “आनि तो नाय गावला तं?”

“लाँच मागे फिरवीन.”

बोलून गेलो खरा. मागे फिरवली असती तर पाणीही गेलं असतं आणि नोकरीही. तिनं माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि उठून लाँचवर चढली.

बोयाजवळ आलो. खाली इंजिनजवळ बसणाऱ्या ड्रायव्हरला ते स्लो करायला सांगितलं. समोर शिडंच शिडं, कुठलं कुणाचं कळेना. पाच मिनिटं गेली. प्रवासी कुरकुरायला लागले. आणि एका मचव्याच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पिवळ्या-गुलाबी फुलांची छत्री उघडली!

“गोमाऽऽ!” चांगुणाबाई अशी ओरडली की बोयावरचे पक्षी उडाले. आपण नाव घेतलं हे लक्षात आलं तशी तिनं जीभ चावली, आणि सगळी लाँच हसली.

दोर टाकला, लाइफ बेल्ट दिला. गोमाजी जुना खलाशी. छत्री आधी फेकली आणि मागोमाग मांजरासारखा उडी मारून आत आला. बायकोसमोर उभा राहिला. डोळे वाहत होते.

“छत्री सांभालली, बायको टाकलीस!” ती म्हणाली आणि स्वतःच रडत रडत हसायला लागली.

मग रेवसपर्यंत दोघांचा तोंडाचा पट्टा चालू. राणीच्या बागेतला पाणघोडा, रस्त्यातून घंटा वाजवत जाणारी ट्राम, आणि एका दुकानातली लिफ्ट. तिच्यात चांगुणाबाई चार वेळा वरखाली झाली होती. पाचव्यांदा लिफ्टवाल्यानंच हात जोडले. कुरकुरणारे प्रवासीही सरकून सरकून ऐकायला जवळ आले.

रेवसला लाँच लागली तेव्हा बूड चिखलाला घासत होतं. पण माणसं कोरड्या पायांनी उतरली.

चार दिवसांनी मला मेमो आला. खुलासा द्या. मी लिहिलं, ‘पॅसेंजर सुखरूप, लाँच सुखरूप, चूक मान्य.’ लेखी ताकीद मिळाली. लायसन्स वाचलं.

पुढे रिटायर होईपर्यंत मुंबई बघायला निघालेल्या प्रत्येक जोडप्याला मी एक गोष्ट सांगत असे. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते आधी ठरवा. पुरुष बहुतेक हसून सोडून देत. बायका मात्र तिथल्या तिथं ठिकाण ठरवून नवऱ्याकडून दोनदा वदवून घेत.