केंदूरच्या ताईंच्या डोळ्याचा फोटो

मी सरकारी दवाखान्यात डोळे तपासते. राहते दौंडला, नोकरी शिरूर तालुक्यात. गावोगाव शिबिरं घ्यायची, चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूचे पेशंट ऑपरेशनला पाठवायचे, हे काम वर्षानुवर्षं चाललेलं. मग आमच्याकडे एक कॅमेरा आला. तो डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा. फोटो एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर गेला, की साखरेच्या आजारानं पडदा खराब झालाय का ते तिकडून कळायचं. डोळ्यांचे डॉक्टर आमच्याकडे कधीमधी येणार, तेही आले तर. त्यामुळे मला त्या कॅमेऱ्याचा फार आधार वाटायचा.

तळेगाव ढमढेऱ्याला बाजाराच्या दिवशी शिबिर लावलं होतं. गर्दी ओसरत आली तेव्हा केंदूरच्या एक ताई आल्या. पंचेचाळीसच्या आसपास असतील. रांजणगावच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होत्या. तिथं लोखंडाचे बारीक पार्ट दिव्याखाली धरून चरा पडलाय का बघायचा, चांगला तो पास करायचा, हे त्यांचं काम. साखर बरीच वर्षं होती. मी नाव, मोबाईल, आधार नंबर टॅबमध्ये भरत होते, तर त्यांनी आधार कार्डावर हात ठेवला.

"म्याडम, ह्यो फोटो जातो कुठं?"

"कंपनीकडे जातो. तिथलं मशीन तपासतं."

"कुठल्या कंपनीकडं?"

"बाहेरच्या देशातली आहे."

"आमच्या कारखान्याची मालक कंपनीबी बाहेरच्याच देशातली हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना कळायचं न्हाई ना? डोळं गेलं म्हणून कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवत्याल. माझं सगळं काम डोळ्यावर."

मला ट्रेनिंगमध्ये जे सांगण्यात आलं होतं तेच मी त्यांना सांगितलं, की माहिती कुणाला दिली जात नाही. त्यांनी आधार कार्डावरचा हात काढला.

फोटो स्क्रीनवर आला, तो मी मोठा करून बघितला. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर लाल डाग होते, मधोमध पिवळट ठिपके. हे काय असतं ते मला ओळखता येत होतं, पण निदान करायचा अधिकार मला नव्हता. त्यात बाजारामुळे नेटवर्क अडकलं होतं, फोटो जाईनात. "तुमचा रिपोर्ट उद्या येईल, पण काही आलं तरी तुम्ही डॉक्टरांना दाखवाच," एवढं मी बोलले. संध्याकाळी शिरूरला येऊन सगळे फोटो पाठवले.

दुसऱ्या दिवशी टॅब उघडेना. दुपारी वरिष्ठांचा आदेश आला. शासनाकडची आरोग्याची माहिती परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरवर ठेवायची नाही, चालू असलेल्या अशा सगळ्या सेवा ताबडतोब थांबवायच्या. कॅमेरा कपाटात गेला.

मी आमच्या दवाखान्याच्या साहेबांकडे गेले. "सर, कालच्या शिबिराचे रिपोर्ट आलेले नाहीत."

"आता कसे येणार?"

"आदेश बरोबर असेल सर. पण त्यात काही पेशंट गंभीर आहेत. नावं, नंबर सगळं त्या टॅबमध्येच आहे."

"मी वर कळवतो."

"आणि आजपर्यंत जे फोटो गेलेत, ते ती कंपनी पुसून टाकणार का?"

साहेबांनी आदेश पुन्हा वाचला. भला माणूस. म्हणाले, "त्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही."

वरून उत्तर येण्याची मी वाट बघत राहिले. घरी भाजी चिरताना, एसटीत बसल्यावर, तो लाल डागांचा फोटो डोळ्यांसमोर यायचा. असं रक्त उतरायला लागलं की दिवस वाया घालवून चालत नाही. आदेश चुकीचा आहे असं मला म्हणता येईना. आपल्या माणसांचं आजारपण परक्या कंपनीच्या हातात का द्यायचं? पण त्याच आदेशानं त्या बाईंचा रिपोर्ट अडकला होता, आणि मला त्यांचं नाव आठवेना, फोन नंबरही नव्हता.

शेवटी न राहवून मी केंदूरच्या आशासेविकेला, तिथल्या आशाताईंना फोन केला. साखर असलेली बाई, कारखान्यात पार्ट तपासायला जाते, म्हटल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. बौद्ध वस्तीत घर, विहाराच्या मागच्या अंगाला. आशाताई आणि मी गेलो तेव्हा ताई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा बदलला. या, बसा असंही म्हणाल्या नाहीत.

"आता कशाला आलाय म्याडम? जे व्हायचं ते झालं."

"काय झालं?"

"परवा कारखान्यात डोळं तपासायला माणसं आली. आजवर कवाच आली नव्हती. माझं बघितलं आन् मला पॅकिंगला टाकलं. ठेकेदार म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू ठेवायचं का न्हाई." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मी तुम्हाला इचारलं व्हतं. तुम्ही न्हाई म्हणाला व्हता."

मी तपासणी सगळ्यांचीच झाली होती का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, सगळ्यांची. पण आत्ताच का?"

आत्ताच का, ते मलाही माहीत नव्हतं. तळेगावहून गेलेला फोटो इतक्या लवकर रांजणगावच्या ठेकेदारापर्यंत कसा पोचेल, असं माझं मन म्हणत होतं. पण नाहीच पोचला असं शपथेवर सांगायची माझी छाती नव्हती. मी तसंच सांगितलं. "ताई, फोटो कुणी बघितला ते मला खरंच माहीत नाही. पण मी बघितलाय. डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय. आता थांबलात तर तो डोळा जाईल."

 मग आशाताई म्हणाल्या, "आगं, नोकरीचं मागनं बघू. डोळा मागनं मिळत न्हाई."

ताई तयार झाल्या, पण शिरूरला यायला नको म्हणाल्या. तिथं कारखान्याची माणसं भेटतात. मग मी दौंडच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंना घ्यायला गेले आणि आम्ही दोघी केंदूरहून जीपनं तळेगावला आलो, तिथून एसटी बदलत चौफुला आणि वरवंडवरून दौंडला. वाटेत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. वरवंडच्या अलीकडे एकदम म्हणाल्या, "ह्या डॉक्टरचं मशीन तरी हितलंच हाय ना?"

"हो. इथलंच."

"आधार कार्ड मागत्याल?"

"नाव सांगितलं तरी चालेल."

डॉक्टरांनी थेंब घालून बराच वेळ तपासलं. डावा पडदा सुजला होता, उजव्यातही सुरुवात होती. त्याच दिवशी उजव्यावर लेझर केलं, डाव्यात इंजेक्शनं द्यायची ठरली. रात्री त्या माझ्याच घरी राहिल्या. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "कुठं नोकरीला?" तर म्हणाल्या, "घरीच असती." त्यांना अजून धास्ती होती.

उजवा डोळा वाचला. डाव्यानं अजून पुसट दिसतं, माणूस कळतो, चेहरा कळत नाही. ठेकेदारानं त्यांना काढलं नाही, पण तपासणीच्या टेबलावर परत घेतलंही नाही. पॅकिंगलाच आहेत.

त्या शिबिरातल्या बाकीच्या लोकांसाठी मी तळेगावला पुन्हा शिबिर लावलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारायला लावलं. काही आले, सगळे नाही आले. न आलेल्यांत कुणाचा पडदा कसा होता, ते मला आठवत नाही. टॅब आणि कॅमेरा वरच्या कार्यालयानं नेले. सरकारचं स्वतःचं मशीन येणार आहे म्हणतात. तोवर मी डोळ्याच्या आत बघायच्या हातातल्या दुर्बिणीतून जमेल तसं बघते आणि शंका आली की डॉक्टरांकडे पाठवते. जे माझ्या नजरेतून सुटतात ते कुणाला कळणार?

फोटो पुसले का, हे मी दोनदा लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही. परवा कपाट आवरताना कॅमेऱ्याचं रिकामं खोकं सापडलं आणि आठवलं, की ट्रेनिंगच्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी हसत हसत एकमेकींचे फोटो काढले होते. नाव, वय, आधार, सगळं भरून. माझे दोन्ही डोळेही तिकडेच कुठेतरी आहेत.