पाच सह्यांचा फॉर्म

गोदामात खोकी चढतात तसे किस्सेही एकावर एक चढत जातात. आणखी एक ठेवलं तर काय बिघडतं, असं म्हणता म्हणता एक दिवस ट्रक उलटतो. आमचा उलटला! आमचे निपाणीचे ड्रायव्हर मारुतीअण्णा पाय मोडून हॉस्पिटलात आहेत आणि केस त्यांच्या एकट्यावर आहे. तेव्हा हसायचं तर हसा, पण मी रागाने सांगतेय.

*

ऑस्ट्रेलियात मी वाहतूक सुरक्षा शिकले. तिथे माल चढवणारा, वेळ ठरवणारा, गाडी पाठवणारा, सगळ्यांना कायदा जबाबदार धरतो. हे डोक्यात घेऊन परत आले आणि देवनहळ्ळीजवळच्या या ट्रान्सपोर्ट कंपनीत लागले. पहिल्याच दिवशी मॅनेजरना विचारलं, "ब्रेकची जबाबदारी कोणाची?"

"ड्रायव्हरची."

"जास्त मालाची?"

"ड्रायव्हरची."

"मग आपली?"

"मॅडम, आपण ऑफिस!"

*

महादेवपुऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला रात्री भरलेला माल आठशे किलोमीटरवरच्या पुण्यात सकाळी दहाला हवा होता. मी फोनवर म्हणाले, "एवढ्या वेळात पोचायचं तर ट्रकला पंख लावावे लागतील."

साहेब दुखावले. "आम्ही स्पीडबद्दल एक शब्द तरी बोललो का? आम्ही फक्त टाइम दिला!"

*

'मी आठ तास झोपलो आहे' असा कागद ड्रायव्हरने रोज सही करून द्यायचा. नियम चांगला आहे. आमच्याकडे महिनाभराचे कागद एक तारखेलाच सही करून घेतात! मारुतीअण्णांनी एकतीस करून दिले. मॅनेजर भडकले. मला वाटलं, चला, कुणाला तरी लाज वाटली.

"अण्णा, हा फेब्रुवारी! तीन दिवस जास्त झोपलास!"

*

एकदा ट्रक भरताना मारुतीअण्णा म्हणाले, "बास, आता चाकं दबली."

गोदामवाला म्हणाला, "अण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" म्हणजे, थोडं सांभाळून घ्या. आणि त्याचं ते 'स्वल्प' चढतच राहिलं.

मी मध्ये पडले. "आधी ट्रक वजनकाट्यावर घ्या."

"काटा रिकामा नाही, मॅडम."

जाऊन पाहिलं. काट्यावर खोक्यांची थप्पी! जागा कमी पडते ना, म्हणून.

*

शेवटी महिनाभर भांडून मी नवा फॉर्म आणला. गिऱ्हाईक, गोदाम, मॅनेजर, मालक, ड्रायव्हर, प्रत्येकाची एक चौकट. गेटवाल्याला ताकीद दिली, पाच सह्या मोजल्याशिवाय गेट उघडायचं नाही. पुढच्याच आठवड्यात तो ट्रक उलटला.

म्हणजे त्या ट्रिपचा फॉर्म असणारच! गेटवरच्या गठ्ठ्यातून त्या नंबरचा कागद ओढला आणि न उलगडताच हॉस्पिटलात धावले.

"अण्णा, तुम्ही एकटे नाही! पाच जण आहेत!"

त्यांच्या पलंगावर फॉर्म उलगडला. पाच चौकटी, पाच सह्या. पाचही 'मारुती'.

अण्णा ओशाळले. "मॅनेजरसाहेब म्हणाले, उशीर होतोय, तूच टाक सगळ्या. पण अक्का, गेट लगेच उघडलं की!"