वरून दिसणारं रान

आज संगणकाने पुन्हा त्याच झाडाचं नाव विचारलं. ड्रोनने आमच्या घाटातल्या रानाचे वरून फोटो काढलेत. त्यातले जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे शेंडे तो आता रंगावरून ओळखतो. ओढ्याकाठचा हा पिवळसर शेंडा मात्र त्याला अजून ओळखता येत नाही.

रानात फिरणाऱ्या आमच्या सर्वेक्षण पथकाचे वाटाडे धाकूमामा एकदा ऑफिसात आले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत हेच फोटो त्यांना दाखवले. जन्मभर त्या रानात हिंडलेल्या माणसाला त्यातलं एकही झाड ओळखता येईना. आम्ही हसलो.

मामा ओशाळून म्हणाले, "वरून कधी बघितलंच नाय रे मी. तू ये एकदा रानात. साल खरवडून नुसता वास घेतला, तरी डोळे मिटून नाव सांगेन."

"पाऊस संपला की येतो," मी म्हणालो. त्यानंतर दोन पावसाळे संपले. गेल्या महिन्यात मामाच गेले.

नावाच्या रकान्यात मी 'अनोळखी' असं लिहिलं. मग त्याच फोटोत, रानाच्या कडेच्या वाडीत, मामांचं घर शोधत बसलो. सगळी कौलं सारखीच दिसत होती. मामांच्या दारात मी कधी गेलोच नव्हतो. वरून मला ते ओळखता येईना.