मंजूर झालेला मसुदा

सरकारी अनुदानाचा अर्ज कसा लिहितात ते मला विचारा. आधी ज्याला अनुदान मिळालंय असा माणूस शोधायचा, त्याला कँटीनमध्ये चहा पाजायचा आणि त्याची फाइल मागून आणायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं जग म्हणतं. आमच्याकडे पुढच्याला मंजुरी मिळाली की मागचा डोळे मिटून त्याच्या पावलावर पाऊल टाकतो. मंजूर झालेल्या मसुद्याला हात लावायचा नाही, हा आमचा अलिखित नियम आहे. नावं बदला, विषय बदला, बाकी स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे ठेवा. मीही तेच केलं.

मी नेरूळला रसायनशास्त्र शिकवते. भाताच्या तुसाच्या राखेपासून मी एक गाळणी तयार केली होती. पाण्यात विरघळलेले जड धातू ती धरून ठेवते. विद्यापीठ आणि कारखाना यांनी मिळून संशोधन करायचं आणि खर्च सरकारने उचलायचा, अशी योजना निघाली होती. शिरवण्याच्या पलीकडे धातूला मुलामा देणारा एक कारखाना भागीदार व्हायला तयार झाला. मालक साताऱ्याकडचे. वडिलांनी वाशीच्या मार्केटात पोती वाहिली होती, हे ते पहिल्याच भेटीत सांगायचे आणि समोरचा विरघळायचा. मीही विरघळले. कराराचा मसुदा मी औषधनिर्माण विभागातून उचलला. तिथल्या एका सरांना त्यावर अनुदान मिळालं होतं. 'औषध' होतं तिथे 'गाळणी' टाकलं आणि सह्या घेतल्या.

आता प्रयोगशाळेतले मामा. कुठल्याही कॉलेजात लॅब अटेंडंटला मामाच म्हणतात. आमचे मामा खाडीकाठच्या सारसोळे गावचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांची बायको अजून खाडीत मासळीला जाते. कारखान्याचं पाणी ज्या नाल्यातून खाडीला मिळतं, तिथलं पाणी मला तुलनेसाठी हवं होतं. मी साडी सोडून सलवार आणि गमबूट घालायची तयारी केली, तर मामा हसले.

"मॅडम, तुमी चिखलान कशाला जाता? मी आनतो. बायको तशीपन सुकतीला जातेच." सुकती म्हणजे ओहोटी, हे मला तेव्हा कळलं. मग जरा थांबून म्हणाले, "पन पान्यात काय हाय, ता कागदाव लिवून द्याल ना? शिक्का मारून?"

गावाने प्रदूषण मंडळाकडे कारखान्याची तक्रार केली होती. मासे मरतात, चिंबोऱ्या मिळेनाशा झाल्यात. मंडळाचे साहेब दर वेळी एकच विचारायचे, पुरावा काय? मासे मेलेत हा पुरावा त्यांना चालत नव्हता. "देईन ना मामा, त्यात काय," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय.

दोन वर्षं मामांनी पाणी आणलं. तापात आणलं, गणपतीत आणलं. बाटलीवर तारीख आणि भरतीची वेळ ते स्वतः लिहायचे, आणि त्यांचं अक्षर माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं होतं. आकडे आले ते वाईट होते. क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी वर. मी मामांना तोंडी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं, त्यांना कागद हवा होता.

गावाच्या तक्रारीवर सुनावणीची तारीख लागली तेव्हा मी करार पहिल्यांदा नीट वाचला. सातव्या कलमात लिहिलं होतं की प्रकल्पातली कुठलीही माहिती भागीदार कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर द्यायची नाही. औषधाच्या सूत्रासाठी ते ठीक होतं. खाडीच्या पाण्याला ते मी चिकटवलं होतं, माझ्या हाताने.

मी मालकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, ॲग्रीमेंट तुमच्याच युनिव्हर्सिटीचं. मी तर न वाचताच सही ठोकलेली. वकिलाने आत्ता दाखवलं. आता परमिशन देऊन मी स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेऊ, तुम्हीच सांगा." मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला तो स्वतःचा. आमच्या विद्यापीठाच्या संशोधन संचालकांनी तर खांद्यावर हात ठेवल्यासारख्या आवाजात सांगितलं, "टेन्शन घेऊ नका. पार्टनरशिप टिकली पाहिजे."

टिकली. गाळणीला कारखान्यात नारळ फोडला, पाहणी समिती आली त्या दोन दिवसांत ती चालवली आणि नंतर तिच्यावर ताडपत्री टाकली. अंतिम अहवालात मी गाळणीतून निघालेल्या पाण्याचे आकडे दिले. ते खरे होते. ते पाणी स्वच्छ होतं. खाडीचे आकडे परवानगी नाही म्हणून वगळले आणि खाली सही केली.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले, ते थेट माझ्या टेबलापाशी. त्यांनी एक झेरॉक्स पुढे ठेवली. माझ्याच अहवालातलं पान. मालकांच्या वकिलाने ते साहेबांपुढे ठेवलं होतं : कारखान्याचं पाणी शुद्ध असल्याचा विद्यापीठाचा दाखला. गावाकडे दाखवायला काहीच नव्हतं. तक्रार निकाली निघाली.

"सही तुमचीच ना?"

"हो मामा."

"आन खाडीचे आकडे? ते हायेत ना तुमच्याजवल?"

"आहेत."

"मंग?"

मी त्यांना कराराबद्दल सांगितलं. सातवं कलम, लेखी परवानगी, कायदेशीर कारवाई, सगळं सांगितलं. बोलताना माझा आवाज वर्गात शिकवताना होतो तसा झाला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. करार खराच होता. पण आकड्यांचा कागद गावाला गुपचूप देता आला असता, आणि तो मी का दिला नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रोफेसरपदासाठी माझी मुलाखत आठ दिवसांवर आली होती. यशस्वी प्रकल्प म्हणून अर्जात हाच दाखवला होता. ते काही मी बोलले नाही.

बोलायची गरजही नव्हती. त्या अर्जाच्या पाच प्रती मामांनीच काढून, टाचून, माझ्या कपाटात ठेवल्या होत्या.