आधी दात आत घाला

दात काढायला आलेल्या माणसाचा बाप काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

माझा काढला. भर बॅचसमोर.

मी गोव्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दंतविभागात आमची ड्युटी होती आणि माझी दाढ ठणकत होती. तिथे शिकवणाऱ्या डॉक्टर सरांना कळलं. "वा, पेशंट घरचीच मिळाली!" मला खुर्चीत बसवलं. भोवती सगळी बॅच.

दिवा तोंडावर आला आणि मी खुर्चीत मागे सरकले.

"गाव कुठलं गं?"

"पाळी, खाणींकडचं."

"तरीच. दात घासता की खाणीची माती चोळता? बाप काय करतो?"

"खाणीवर टिपर ट्रक चालवतो."

"म्हणजे टायर धुतो, पोरीचे दात नाही."

हशा.

मी मागे का सरकले, ते कुणी विचारलं नाही. सांगते. शाळेत असताना गावात दातांचं शिबिर आलं होतं. गाल बधिर व्हायच्या आधीच त्यांनी दाढ उपटली. दोघांनी खांदे दाबून धरले होते. आई दारात उभी. सिंधुदुर्गातून खाणीवर पोट भरायला आलेली बाई. एवढंच म्हणाली, "गप रव गो बाय. मोठी माणसां ती."

मी गप राहिले. तेव्हापासून गपच.

आता सरांनी सुई टोचली आणि लगेच चिमटा उचलला. गाल अजून जागा होता. तोंड उघडं, बोलणार कशी? मी हात वर केला. थांबा म्हणून.

"शंका शेवटी विचारायच्या," सर म्हणाले.

बॅच पुन्हा दात काढायला लागली.

मी तोंड मिटलं. सरांचा हात बाजूला सारला. उठून बसले.

"सर, माझी दाढ राहू दे. आधी ह्यांना दात आत घालायला सांगा."

सरांनी चिमटा ट्रेमध्ये टाकला.

"एवढी भित्री, आणि नर्स होणार?"

"हो. पेशंटचा हात वर झालेला मला तरी दिसेल."

"बाहेर हो."

झाले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच.

बेसिनपाशी आमच्याच बॅचमधली, पेडणे गावची एक मुलगी मागोमाग आली. सगळ्यांत मोठ्याने हसलेली तीच. हळूच म्हणाली, "म्हजी पण दाढ किडल्या गो. त्या खुर्चेर बसपाक माका भंय दिसता. कुणाक सांगू नाका."

हे आम्ही, आरोग्य शिकणारे. दुसऱ्याला धीर देण्याचे धडे पाठ. स्वतःची भीती चोरून ठेवतो. ती उघडी पडू नये म्हणून दुसऱ्याच्या भीतीला हसतो.

तिचं नाव मी सांगणार नाही. माझं भय मात्र यापुढे लपवणार नाही. दाढ अजून ठणकते आहे. ती काढून घेईन, पण हात वर केला की थांबणाऱ्याकडूनच. गप राहायचं ते आईच्या पिढीने राहून झालं.

आणि तुम्ही, उद्या हातमोजे घालणारे. "तोंड उघडा" म्हणण्याआधी खुर्चीतल्या माणसाला सांगा, दुखलं तर हात वर करा.

हात वर झाला, तर थांबा.