फौजीचा चार्ज

ती घटना पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यात जेमतेम दोन ओळींची आहे, पण नोकरीतली कुठलीही मोठी केस आठवायला बसलो की मधेच तीच येऊन उभी राहते. दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मुनिरका आमच्या हद्दीत. तिथल्या भाड्याच्या खोल्यांमधून विद्यार्थ्यांचे लॅपटॉप, मोबाईल चोरीला जात होते आणि वरून रोज विचारणा होत होती.

खबर दिली ती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याने. एक माणूस घड्याळ, मोबाईल, मिक्सर असं चांगलं सामान लोकांना फुकट वाटतोय, असं त्याचं म्हणणं. दिल्लीत कोणी पत्ताही फुकट सांगत नाही, त्यामुळे माल चोरीचाच असणार याबद्दल आमच्या हेड कॉन्स्टेबलला तिळमात्र शंका नव्हती. त्याने दुपारीच त्या माणसाला आणून बसवलं.

माणूस पंचेचाळिशीचा. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, गुरुग्रामच्या एका सोसायटीत सुरक्षारक्षक. गल्लीत सगळे त्याला फौजी म्हणत. मूळचा आपल्याकडचा, सातारा भागातला, हे ओळखपत्रावरून कळलं.

"फौजी, सच बता दे, माल किसका है?" हेड कॉन्स्टेबल पुन्हा पुन्हा विचारत होता.

"मेरा है, साहब," हे एकच उत्तर प्रत्येक वेळी त्याच आवाजात येत होतं.

आम्ही वस्तू तक्रारींशी ताडून पाहिल्या, एकही जुळली नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. ठाण्यात आणलेला माणूस, चोर असो की साव, थोड्या वेळाने विचारतोच की मला कधी सोडणार. कोणाला घरी फोन करायचा असतो, कोणाची ड्यूटी असते. या माणसाने काहीच विचारलं नाही. दिलेला चहा समोर थंड होत होता आणि त्याला कुठेच जायचं नव्हतं.

खोलीची झडती घ्यायला मी स्वतः गेलो. घरमालकीण जाट म्हातारी, बोलायला खमकी. तिने सांगितलं, कालच त्याने शेजारच्या मुलींना पाण्याची मोटर कधी चालू करायची, कुठली तोटी गळते, सगळं दाखवून दिलं. तिला वाटलं, गावी चाललाय. खोली झाडून पुसून घेतलेली होती. अंथरुणाची चौकोनी घडी, तिच्याशेजारी पॉलिश केलेले बूट, भिंतीवर खिळासुद्धा नाही. बाडबिस्तरा मात्र बांधलेला नव्हता.

मी दारातच उभा राहिलो. अशी जागा मी अनेकदा पाहिली होती. बदली झाली की आम्हीही येणाऱ्या अधिकाऱ्याला असंच ठाणं फिरवून दाखवतो, मुद्देमाल, हत्यारं, कोठडी, आणि मग निघतो. हा माणूस चार्ज देत होता. बदलीचा हुकूम मात्र कुठेच नव्हता.

ठाण्यात परत आल्यावर मी त्याला माझ्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि मराठीत विचारलं, "कुठे निघालात?"

तो दचकला. खूप दिवसांनी ती भाषा कानावर पडली असावी. चौकशीत आम्ही वाटेल ते सरळ विचारतो, हा एक प्रश्न तेवढा सगळे टाळतात. मी विचारला.

"मरायचा विचार आहे?"

"आहे, साहेब," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे पहिल्यांदाच सैल झाले.

मग तो सांगत गेला. सीमेवर गस्तीत त्याचा जोडीदार त्याच्या शेजारीच गेला होता. तेव्हापासून झोप नाही, गाडीचा टायर फुटला तरी तो जमिनीवर आडवा. गावात लोक म्हणायचे, पेन्शन आहे, आता आराम करा. बायकोने फार सोसलं, म्हणून तिच्यापासूनही लांब येऊन राहिला. पण सगळ्यात जास्त त्याला आठवायची ती बराक.

"तिथं कोणी दचकून उठला की शेजारचा नुसता पायाला पाय लावून झोपायचा, साहेब. बोलायचं नाही काही. तेवढ्यावर झोप लागायची. आता मी एकटाच पहाऱ्यावर आहे, बदलीला कोणी येत नाही."

मी एवढंच म्हणालो की चार्ज घेणारा समोर असल्याशिवाय चार्ज देता येत नाही, आणि इथे घ्यायला कोणी तयार नाही. सामान परत घ्या.

तो रडला. हेड कॉन्स्टेबल, जो दुपारभर त्याच्यावर गुरगुरत होता, तो त्याच्याबरोबर जेवला आणि बायको गावाहून येईपर्यंत त्याला एकटं सोडायला तयार झाला नाही. पुढे लष्करी रुग्णालयात उपचार झाले. मधे औषधं सोडली, पुन्हा धरली. बरं व्हायला वेळ लागला, पण तो जगला. आता नवरा-बायको दोघं मुनिरक्यातच राहतात.

या केसने मला शिकवलं की तो प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. असलेला बाहेर येतो, आणि ऐकणारा भेटला की माणूस थांबतो. ज्याने देशाचा पहारा दिला त्याला एवढंही कोणी विचारू नये, याचा मला राग येतो.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे गुरुग्रामला असतो, उंच इमारतीत. ठाणं फार आठवतं. वायरलेसची खरखर, बदलत्या पाळीची गडबड, दारात उभी राहणारी माणसं. पत्नी गेल्यापासून तर जास्तच. फौजीचा अधूनमधून फोन येतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्याने विचारलं, कसे आहात, आणि मी सवयीने म्हणालो, मजेत.

तो म्हणाला, "साहेब, सरळ विचारतो. जगावंसं वाटतंय ना?"

जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, त्या दिवशी मला स्वतःला खोटं बोलता येईना. नेहमी नाही वाटत, असं मी सांगून टाकलं.

पलीकडे त्याने बायकोला हाक मारल्याचं ऐकू आलं.

"फोन ठेवू नका," तो म्हणाला. "आम्ही दोघं निघालोय."