शेखरभाऊंची दोनशे बारा पक्की मतं

दोन हजार आठ साली शेखरभाऊ मानमोडे इलिनॉय राज्याच्या विधानसभेला उभे राहिले आणि सपशेल आपटले. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. पडण्याचा सराव त्यांनी पाच वर्षांपूर्वीच, शिकागोजवळच्या शॉमबर्गशेजारी आपल्या छोट्या गावात करून घेतला होता.

भाऊ मूळचे नागपूरचे, इथे एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरवाले. मराठी मंडळाचं अध्यक्षपद दोनदा भूषवलं की माणसाला वाटतं, आता गाव चालवणं काय अवघड आहे? भाऊ व्हिलेज बोर्डाला, म्हणजे तिथल्या गावपंचायतीला, उभे राहिले. प्रचार आपल्या पद्धतीने: घरोघरी जायचं, ऐसपैस बसायचं, पोह्यांना नाही म्हणायचं नाही. जिथे जावं तिथे एकच उत्तर, "काका, तुम्हालाच. अजून कोणाला?" भाऊ लगेच वहीत नाव लिहीत. दोनशे बारा मतं पक्की झाली आणि भाऊंचं वजन नऊ पौंड वाढलं.

निकालात मतं पडली एकतीस.

तीन दिवस भाऊ वहीतली नावं पुन्हा पुन्हा मोजत बसले. आपल्याच माणसांनी दगा दिला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. शेवटी त्यांच्या बायकोने, नीलांबरीवहिनींनी, ती वही पुढ्यात ओढली.

"हा सुशांत एच-वन व्हिसावर आहे. रुचा डिपेंडंट व्हिसावर. प्रसन्नचं ग्रीन कार्ड अजून फाइलसुद्धा झालेलं नाही. अहो, हे इथले नागरिकच नाहीत, यांना इथे मत कुठलं? एकाला तरी विचारलंत का?"

"कोणाच्या घरी बसून असं कसं विचारायचं? वाईट दिसतं ते."

"आणि त्यांनी तरी काकांना तोंडावर नाही कसं म्हणायचं?" वहिनी म्हणाल्या.

दोन हजार पाचला भाऊ पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांना गोऱ्या शेजाऱ्यांची दारं ठोठावणं भागच होतं. तिथे पोहे नव्हते. थंडीत दाराबाहेर उभं राहून फक्त ऐकायचं. बर्फ काढणारी गाडी सगळा बर्फ आमच्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलते, ही एकच तक्रार त्यांनी दीडशे घरी ऐकली, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. मागून सुशांत आणि मंडळी अंगणाअंगणात प्रचाराच्या पाट्या रोवत होती. "मत नाही तर नाही काका, वीकेंड तर आहे ना यार," सुशांत म्हणाला. भाऊ अकरा मतांनी निवडून आले.

शपथविधीला एरवी निवडून आलेल्याची बायको येते, फार तर एखादी मावशी. भाऊंच्या वेळी सत्तर माणसं आली. झब्बे, पैठण्या, पेढ्यांचे डबे. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. गावाच्या अध्यक्षीणबाई भाऊंच्या कानाशी वाकल्या. "ही सगळी तुमची मतदार मंडळी का?"

भाऊंनी भिंतीला टेकलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं.

"बायको सोडली तर यातल्या एकालाही इथे मत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर सगळे आलेत."